परदेशात एटीसी व्हायचंय, मग लोन काढून कोर्स करू का?

पत्र थोडक्यात: बीएस्सी फिजिक्स झालेली २३ वर्षांची मुलगी. एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं हे बारावीपासून डोक्यात आहे, आणि तेही परदेशातच. एएआयची (एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया, आपल्याकडे कंट्रोलर भरणारी सरकारी संस्था) परीक्षा एकदा दिली, थोडक्यात हुकली. आता एक कन्सल्टन्सी म्हणतेय की बाहेर जाऊन एटीसीचा डिप्लोमा कर, जगभर कंट्रोलर्सची टंचाई आहे, कोर्स संपला की नोकरी हातात. घरचे लोन काढायला तयार आहेत, बाबा तर जरा जास्तच. तिचे प्रश्न तीन: कोर्स कुठल्या देशात करावा, चष्मा चालेल का, आणि आपलं इंग्लिश "तसलं फाडफाड" नाही तर रेडिओवर निभेल का. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "इथे राहिले तर अडकून पडेन असं वाटतं."

उत्तर:

आधी लोनचं बोलू, कारण बाकीचं सगळं नंतर सावरता येतं, ते नाही. सही करू नकोस, निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तू विचारलंयस की कोर्स कुठल्या देशात करू. म्हणजे कोर्स केला की लायसन्स, आणि लायसन्स मिळालं की कुठेही नोकरी, हे तू धरूनच चालली आहेस. तुझी चूक नाही, पायलट लोकांचं बरंचसं तसंच असतं आणि आपण विमानाशी संबंधित सगळं त्याच मापाने मोजतो. पायलटने ए-३२० चं रेटिंग घेतलं की ते विमान जगात कुठेही साधारण तेच असतं, देश बदलला तर लायसन्स कन्व्हर्ट करून घ्यायचं. कंट्रोलरचं काम मात्र विशिष्ट आकाशाच्या तुकड्याला बांधलेलं असतं. लायसन्सवर रेटिंग असतं, म्हणजे कुठलं काम करायची परवानगी आहे ते: एरोड्रोम (टॉवरमधून रनवे आणि आसपास), अप्रोच (एअरपोर्टकडे येणारी-जाणारी विमानं) किंवा एरिया (मधल्या प्रवासातली), त्यातही प्रोसिजरल (रडारशिवाय) की सर्व्हेलन्स (रडारवर बघून), आणि ते रेटिंग तू कुठल्या युनिटला, म्हणजे कुठल्या टॉवरला किंवा सेंटरला, वापरू शकतेस हेही ठरलेलं असतं. एका एअरपोर्टवर पंधरा वर्षं अप्रोच केलेला माणूस त्याच देशातल्या दुसऱ्या एअरपोर्टवर बदलून गेला तरी पुन्हा ट्रेनी म्हणून बसतो. तिथल्या सेक्टरचा आकार, डोंगरामुळे किती फुटांच्या खाली विमान उतरवायचं नाही, शेजारच्या युनिटशी हँडओव्हर कुठे आणि कसा करायचा, हे सगळं नव्याने शिकतो, चेक देतो, आणि मग एकटा हेडसेट लावतो.

आता डिप्लोमाचं बघ. लायसन्सिंगचे जागतिक नियम आयसीएओच्या (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संघटना) अ‍ॅनेक्स १ मध्ये आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की लायसन्ससाठी किमान तीन महिने प्रत्यक्ष ट्रॅफिकवर, कोणाच्या तरी देखरेखीखाली, काम झालेलं पाहिजे. रेटिंगसाठी वेगळे तास आहेत, टॉवरला ९० तास किंवा एक महिना यातलं जे जास्त असेल ते, अप्रोच आणि एरियाला १८० तास किंवा तीन महिने यातलं जे जास्त असेल ते. हे तास सिम्युलेटरवर होत नाहीत, खऱ्या युनिटमध्ये खऱ्या विमानांवर होतात. म्हणजे शाळा कितीही चांगली असली तरी ती तुला फार तर स्टुडंट लेव्हलपर्यंत नेऊन सोडणार, पुढचा टप्पा ज्याच्या हातात युनिट आहे तोच देऊ शकतो. आणि युनिट कोणाच्या हातात असतं? बहुतेक देशांत एकाच संस्थेच्या किंवा मोजक्या दोन-चार कंपन्यांच्या. त्या आधी माणूस निवडतात, पगार किंवा स्टायपेंड देऊन स्वतःच्या अकॅडमीत शिकवतात, मग युनिटला पाठवतात. थोडक्यात नोकरी आधी आणि कोर्स नंतर असा या धंद्याचा क्रम आहे. तुझी कन्सल्टन्सी तो उलटा करून विकतेय, बाजारात तुरी म्हणतात तसलाच प्रकार. स्वतःच्या पैशाने एटीसी शिकवणाऱ्या चांगल्या शाळा जगात आहेत, नाहीत असं नाही, पण त्यांच्याकडे येणारे बरेच जण कुठल्या तरी देशाच्या एव्हिएशन खात्याने किंवा कंपनीने पाठवलेले असतात, म्हणजे परत जायला त्यांचं युनिट वाट बघत असतं. तुझं कुठलं?

दुसरं गृहीतक टंचाईचं. टंचाई खरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या गॅटविकला टॉवरमध्ये माणसं कमी पडली म्हणून आठवडाभर रोजच्या फ्लाइट्सवर ८०० ची मर्यादा घालावी लागली. अमेरिकेत १९८१ च्या संपानंतर रेगननी ११ हजारांवर कंट्रोलर एका फटक्यात काढले, मग थोड्या वर्षांत भराभर नवीन भरले, आणि ती सगळी बॅच पुढे एकदमच रिटायरमेंटला आली. पण टंचाई आहे म्हणजे बाहेरच्यांना दार उघडं आहे असा अर्थ कसा काढायचा? अडचण माणसं न मिळण्याची नाहीये गं, अर्जांचे ढीग पडतात. अडचण शिकवण्याची आहे. नवीन माणूस लाइव्ह ट्रॅफिकवर बसला की त्याच्या शेजारी एक अनुभवी कंट्रोलर कायम बसलेला लागतो, आणि हा अनुभवी कंट्रोलर म्हणजे ज्याची आधीच टंचाई आहे तोच. शिवाय ट्रेनिंगमध्ये बरेच गळतात. त्यामुळे टंचाई असली की संस्था उलट जास्त चोखंदळ होतात, जो नक्की टिकेल, इथेच राहील, व्हिसामुळे मध्येच जाणार नाही, असाच माणूस त्यांना त्या एका खुर्चीसाठी हवा असतो.

म्हणून खरा प्रश्न पासपोर्टचा आहे आणि कन्सल्टन्सीच्या ब्रोशरमध्ये नेमका तोच नसतो. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, फक्त अमेरिकन नागरिकांना घेते, आणि नव्याने येणाऱ्यांना वयाच्या ३१ व्या वाढदिवसाच्या आत, कारण तिथे ५६ ला कंट्रोलरला खुर्ची सोडावीच लागते. तिथल्या काही कॉलेजांत एटीसीची डिग्री मिळते, फॉरेन स्टुडंटला अ‍ॅडमिशनही आनंदाने देतात, फी जास्त असते ना. पण डिग्री घेऊन तू करणार काय? तू आज २३ ची, चार वर्षं कॉलेज, मग वर्क व्हिसा, मग ग्रीन कार्ड, आणि ते मिळाल्यावरही नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. गणित बसतच नाही. कॅनडात एटीसी चालवणाऱ्या नॅव्ह कॅनडाला नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट चालतो, म्हणजे पासपोर्टची गरज नाही पण पीआर हवाच. ऑस्ट्रेलियात एअरसर्व्हिसेस ही तशीच संस्था फ्रेशर्सना घेते तिथेही साधारण तसंच. ब्रिटनमध्ये नॅट्स या तिथल्या एटीसी कंपनीला तिथे काम करण्याचा हक्क आधीपासून असलेला माणूस लागतो. युरोपात मास्ट्रिक्टचं सेंटर, जे बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचं वरच्या पट्ट्यातलं आकाश सांभाळतं, ते युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या सामायिक संस्थेचं आहे आणि तिथे नागरिकत्व सदस्य देशांचं लागतं. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रत्येक संस्थेच्या करिअर पेजवरचा एलिजिबिलिटीचा भाग स्वतः वाच. अगदी कंटाळवाणा असतो, पण त्या दोन-तीन ओळींत तुझं लोन वाचू शकतं.

मग परदेशात काम करणारे आपल्याकडचे कंट्रोलर कसे गेले? बरेचसे आखातात गेले, आणि अनुभव घेऊन गेले. दुबई, अबुधाबी, कतार, ओमान, सौदी, इथे वाढलेल्या ट्रॅफिकला पुरतील इतके स्थानिक कंट्रोलर तयार व्हायला वेळ लागतो म्हणून बाहेरून रेटिंग असलेली माणसं कॉन्ट्रॅक्टवर घेतात. फ्रेशर्सच्या ट्रेनिंगच्या जागा मात्र ते मुख्यतः आपल्याच नागरिकांसाठी ठेवतात, आणि त्यात काही गैर नाही. जाहिरात वाचलीस तर शब्द साधारण असे असतात: व्हॅलिड लायसन्स, करंट रेटिंग, अमुक वर्षांचा सर्व्हेलन्स अप्रोच किंवा एरियाचा अनुभव, इंग्लिश प्रोफिशियन्सी, मेडिकल. यातला "करंट" हा शब्द लोकांना महागात पडतो. अ‍ॅनेक्स १ प्रमाणे तू रेटिंग वापरणं थांबवलंस तर देश ठरवेल त्या मुदतीनंतर ते इनव्हॅलिड होतं, आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे चांगली नोकरी सोडून "जरा मास्टर्स करते, आयईएलटीएस देते, मग अप्लाय करते" असं करणाऱ्याचा अनुभव कागदावर राहतो पण हातातली किंमत उतरत जाते. अर्ज खुर्चीत बसूनच करायचे. आणि ऑफर आली की पगाराआधी एक विचारायचं, तिथल्या युनिट ट्रेनिंगमध्ये मी पास झाले नाही तर काय? कारण तिथेही पुन्हा ट्रेनी म्हणून बसायचंय, आणि काही कॉन्ट्रॅक्ट्समध्ये नापास म्हणजे सरळ परतीचं तिकीट असतं. बिनटॅक्सच्या पगाराच्या गप्पा सगळे मारतात, या कलमाबद्दल कोणी बोलत नाही.

आता तुझी ती शेवटची ओळ. इथे राहिले तर अडकून पडेन. मला वाटतं तुझ्या बाबतीत नेमकं उलटं आहे. तुझ्या पासपोर्टवर, तुझ्या वयात, खरं युनिट आणि खरे तास मिळण्याची सगळ्यात सरळ जागा एएआयच आहे. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसीला बीएस्सीमध्ये फिजिक्स आणि मॅथ्स लागतं (तुझं मॅथ्स होतं ना? पत्रात फक्त फिजिक्स लिहिलंयस, हे आधी बघ), वयाची मर्यादा २७ आहे, राखीव प्रवर्गांना सवलत. म्हणजे तुझ्याकडे अजून थोडी वर्षं आहेत, पण जाहिरात दरवर्षी ठरल्यासारखी येतेच असं धरू नकोस. निवड झाली की प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाला ट्रेनिंग, मग पोस्टिंग, मग युनिटला रेटिंग. बाँड असतो, तो सही करण्याआधी वाच, आणि नंतर बाहेर अर्ज करताना एनओसी लागते हेही आत्ताच लक्षात ठेव म्हणजे ऐनवेळी चिडचिड नको. पोस्टिंग कुठे मिळेल ते तुझ्या हातात फारसं नाही. छोट्या शांत टॉवरवरची पाच वर्षं आणि बिझी अप्रोचची पाच वर्षं यांना बाहेर सारखा भाव नाही, त्यामुळे संधी मिळेल तेव्हा सर्व्हेलन्सची रेटिंग्ज मागून घ्यायची, गावाजवळची सोयीची पोस्टिंग सोडावी लागली तरी. हे बोलायला सोपं आहे, घरच्यांसमोर सोपं नसतं, कल्पना आहे.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. तुला एटीसी व्हायचंय की परदेशात राहायचंय? दोन्ही, असं तू म्हणणार. ठीक, पण दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर कशावर पाणी सोडशील? पत्रात तू विमानांबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि बाहेर जाण्याबद्दल पानभर, म्हणून विचारतेय. दोन्ही उत्तरं चांगली आहेत, फक्त रस्ते वेगळे आहेत.

एटीसी हेच हवं असेल तर वर सांगितलं तेच, इथे रेटिंग, काही वर्षं, मग आखात, आणि तिथे कोणी सांगावं, तोपर्यंत तुला कदाचित इथलंच आवडू लागेल. परदेश हे पहिलं असेल तर दुसऱ्या एखाद्या कामाने किंवा शिक्षणाने कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी आधी पीआर मिळवायचा आणि मग ट्रेनी म्हणून अर्ज करायचा. लांबचा रस्ता आहे, आणि सिलेक्शन टेस्ट काही तुझ्या त्यागाकडे बघून मार्क देत नाही, तेव्हा जे शिकशील ते एटीसी नाही मिळालं तरी आयुष्यभर पुरेल असं निवड. तिसरा एक रस्ता आहे ज्याबद्दल मुलांना कोणी सांगतच नाही, एटीसीच्या आसपासची कामं. रडार, नेव्हिगेशन, कम्युनिकेशनची यंत्रणा सांभाळणारे इंजिनिअर, ज्यांना एटीसेप म्हणतात, एअरलाइनचे फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारे, एअरस्पेस आणि प्रोसिजर डिझाइन, सिम्युलेटर आणि कंट्रोल सेंटरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थेल्स, इंद्रा, फ्रीक्वेंटिस यांसारख्या कंपन्या. यातली बरीचशी कामं एका सेक्टरला बांधलेली नसतात, म्हणून देश बदलणं तुलनेने सोपं जातं. फ्रान्समध्ये तुलूजच्या एनॅक या एव्हिएशन विद्यापीठासारख्या ठिकाणी या बाजूचे मास्टर्स असतात आणि तिथे फॉरेन स्टुडंट म्हणून जाणं हा खरोखर एक रस्ता असतो, नुसती फी भरून घेणारा बोळ नसतो. कोर्ससाठी लोन काढायचंच असेल तर ते अशा कोर्सला काढ, पण हेडसेट लावून विमानं हलवायची हौस त्याने भागणार नाही हे धरूनच.

चष्म्याचं पटकन सांगते. चष्म्याने नजर नीट दुरुस्त होत असेल तर साधारण अडचण येत नाही, ठरलेल्या मर्यादेत नंबर असावा लागतो. रंगांचं मात्र कडक असतं, स्क्रीनवर आणि टॉवरच्या काचेतून दिसणारे दिवे दोन्ही रंगांवर चालतात. ऐकणं, झोपेचे आजार, मानसिक आरोग्याची औषधं हेही बघतात. यात लपवालपवी अजिबात नको. एव्हिएशन मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन क्लास ३ च्या, म्हणजे कंट्रोलरसाठीच्या मेडिकलच्या, निकषांवर तपासून घे, हे सगळ्यात आधी कर, अभ्यासाच्याही आधी, कारण चार वर्षांनी हे कळण्यात काही मजा नाही.

आणि इंग्लिश. इथे तू उगाच घाबरली आहेस. आयसीएओची सहा लेव्हल्सची पट्टी आहे, काम करायला लेव्हल ४ लागते. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, समजणं आणि संवाद अशा सहा गोष्टी तपासतात आणि यातल्या सगळ्यात कमी मार्काची जी गोष्ट तीच तुझी लेव्हल. म्हणजे फाडफाड बोलणाऱ्याला समोरच्याचं ऐकून घेता येत नसेल तर तो तिथेच अडकतो, आणि मला वाटतं हे बरंच आहे. उच्चार परदेशी वाटायची गरज नाही, कळायची गरज आहे. रेडिओवर साधं आणि ठरलेलं बोलण्याला किती महत्त्व आहे ते बघायचं तर १९७७ चं टेनेरिफ वाच, रनवेवर दोन जंबो विमानं आदळली, एकाने टेक-ऑफची परवानगी नसतानाच धाव घेतली होती, ५८३ माणसं गेली, आणि त्यानंतर "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष टेक-ऑफ क्लिअरन्स देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं पक्कं झालं. १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं, क्रूने इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं पण "इमर्जन्सी" हा शब्द कंट्रोलरपर्यंत कधी पोचलाच नाही. अशा वेळी ऐकणाऱ्याने थांबून विचारणं लागतं, "से अगेन" म्हणायला न लाजणं लागतं. ते तुला जमतं का ते बघ, ग्रामर नंतर.

हो, आणि एआय येऊन हे काम खाणार का असंही मध्येच एका ओळीत विचारलंयस. लंडन सिटी एअरपोर्टला २०२१ पासून टॉवरमध्ये कोणी बसत नाही, कॅमेऱ्यांच्या फीडवरून दूरच्या सेंटरमधून ट्रॅफिक सांभाळतात, पण सांभाळतात माणसंच. तुझ्या नोकरीच्या काळात खुर्चीची जागा बदलेल, पडद्यावर मदत वाढेल. त्याची काळजी आत्ता नको.

कन्सल्टन्सीला मात्र ईमेलवर विचार, फोनवर नाही. कोर्सच्या शेवटी हातात नेमकं काय पडतं, स्टुडंट लायसन्स की रेटिंगसकट लायसन्स, आणि ते कुठल्या देशाच्या अथॉरिटीचं? प्रत्यक्ष ट्रॅफिकवरचं ट्रेनिंग कुठल्या युनिटला, आणि त्या युनिटचं लेखी पत्र आहे का? माझ्याच पासपोर्टवरच्या किती जणांना या कोर्सनंतर कंट्रोलर म्हणून नोकरी लागली, कुठे लागली? नाही लागली तर फीचं काय? उत्तरात "असिस्टन्स", "गाइडन्स", "अपॉर्च्युनिटीज" असले शब्द जास्त आले आणि संस्थांची नावं कमी आली तर काय ते समजून घे. हाच ईमेल बाबांना पण दाखव. ते लोनसाठी इतके उत्सुक का आहेत हे मला माहीत नाही, पण बऱ्याच घरांत मुलगी एका परीक्षेत हुकली की आईवडिलांना काहीतरी करून दाखवायची घाई होते, आणि पैसे उभे करणं हीच एक गोष्ट त्यांच्या हातात असते. त्यांना दुसरं काही काम दे. जाहिरातींवर नजर ठेवायला सांग, मेडिकलला सोबत ने.

परीक्षा थोडक्यात हुकली म्हणतेस, तर कुठल्या भागात मार्क गेले ते काढ आणि पुढची तयारी तिथूनच सुरू कर. मेडिकलमध्ये रंगांचं किंवा आणखी काही निघालं तर परत लिही, मग एटीसेपबद्दल नीट सविस्तर बोलू, फिजिक्सवाल्यांना ते जमतं आणि जागाही निघतात.